न उचललेला बेल-भंडारा

माझं माहेर मुदखेडचं. बाप रेल्वेत गँगमन व्हता, रुळावर घण मारायचा, आन त्येचा आवाज असा की शिट्टी नसली तरी गाडी थांबंल, असं माय मनायची. मला त्योच आवाज आलाय, त्येला मी काय करू. तुमी आल्या आल्या मनलाव, आजी जरा हळू बोला, यंत्रात आवाज फाटायलाय. फाटू द्या. हळू बोलून आमचं काईच झालं न्हाई ताई, जे झालं ते वरडूनच झालं.

लगीन होऊन आले ती अहमदपूरकडं. तवा हे समदं उस्मानाबाद जिल्ह्यात व्हतं, लातूर जिल्हा मागून झाला, त्येचं बी सांगते, त्येच्यातच तर समदी हकीकत हाय. घरात सासरा, नवरा आन दीर. सासू आधीच गेलती. सासऱ्याला मी मामा मनायची. मामा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलते, आल्या आल्या देवघरातले टाक, मूर्त्या समदं गोणीत बांधून नदीत सोडलं, आन मनले आजपसून ह्या घरात कुनी देवाची आण घ्यायची न्हाई, नवस बोलायचा न्हाई, खरं असंल ते तोंडानं बोलायचं. दिराचं नाव मातर मारोतीच ऱ्हायलं. गाव हसायचं, मनायचं मारोतीच मारोतीच्या देवळात जाईना. दीर मनायचा, जाऊ द्यायलाव व्हय तुमी, मंग येतो की. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, कोर्टानं घ्यायला लावलं, मनून आता जिभंला वळण पडलंय. लक्षिमन.

जमीन मनाल तर हाडोळा. जुन्या काळी गावची मेलेली ढोरं वढायच्या बदल्यात आमच्या लोकाला जी जमीन दिलती, ती. समदा मुरूम. गावानं चांगलं रान थोडंच दिलंय आमाला. दीक्षा घेतल्यावर मामानं ढोरं वढायची सोडली, तवा बी मार खाल्ला, पर जमीन काई सोडली न्हाई.

मंग बहात्तरचा दुष्काळ आला. तुमाला त्यो काय सांगू, तुमी पुस्तकात वाचला असंल. मी खडी फोडायच्या कामावर जायची आन हे दोघं भाऊ हाडोळ्यात विहीर खांदायचे. गाव मनायचं येडे झालेत, त्या मुरमात काय दगूड लागंल. दगूडच लागला. काळा खडक. घणानं हाताची सालटी निघाली, दिराचं एक बोट चेंगरलं ते कायमचं वाकडंच ऱ्हायलं, पर खडकाच्या खाली झरा लागला बगा. लई न्हाई, मनगटायवढा. पर गोड. आन गावातल्या समद्या विहिरी त्या टायमाला कोरड्याठाक, पाटलाच्या बी.

पयले दोन दिवस कुनी आलं न्हाई. मंग लेकरं आली. मंग बाया आल्या, पदर नाकापतोर वढून, घागरी घेऊन. ज्यांच्या दारात आमी ओंजळ धरून बसायचाव आन त्या वरून पाणी वतायच्या, त्याच बाया. मी काठावर हुभी ऱ्हायले, पवरा शेंदला आन मनलं, खाली धरा घागरी, मी वरून वतते. मामा माझ्याकडं बघून मनले, धुरपता, असं नको करू. मी मनलं मामा, आजच्या दिवस करू द्या. मंग पुढं तसं केलं न्हाई. ज्येला पाहिजे त्येनं शेंदावं. पाटलाची बायको बी आलती. पाटील सवता काई आला न्हाई, पर पाणी तर त्येच पीत व्हता ना, दुसरं व्हतं कुठं. ती गोष्ट त्येच्या नरड्यात अडकून ऱ्हायली. दुष्काळ गेला, पाऊस झाला, समदं गाव इसरलं, त्यो इसरला न्हाई.

पाटील मंजे दादाराव पाटील. गावचा कारभार, देवळाचा कारभार, समदं त्येच्याच हातात. त्येला एकच पोरगं, भगवान. अंगानं रेड्यावानी आन डोक्यानं बी तसंच.

कैक वर्सांनी पुन्हा पाऊस रुसला. पाटलानं ऊस लावला व्हता, ऊस वाळायला लागला. एक दिवस निरोप आला, तुमच्या विहिरीवर इंजिन बसवायचंय. नवऱ्यानं जाऊन सांगितलं, पाटील, प्यायला पाहिजे तेवढं न्या, समदं गाव नेतंय, पर इंजिन बसलं की चार दिवसांत तळ दिसंल. पाटील नुस्ता पान खात ऱ्हायला.

दुसऱ्या दिशी दुपारी भगवान आला. बैलगाडीत इंजिन, संगं सात-आठ माणसं, काठ्या, पहारी. आमी कुडवाभर जवारी मळीत व्हताव खळ्यावर. मामा एकलेच विहिरीवर बसलते, उन्हात. भगवाननं पाइप सोडला विहिरीत. मामा उठले आन पाइपावर जाऊन बसले, नुस्ते बसले बगा, शिवी न्हाई, हात न्हाई. त्या रेड्यानं पहार उचलली आन मामाच्या बरगडीत घातली. आवाज मी खळ्यावरून ऐकलाय. वाळकी तुराटी गुडघ्यावर मोडावं तसा. अजून बी कुनी तुराटी मोडली की मी उठून बाहीर जाते.

मंग काय, आमी तिकडं पळालाव. दिराच्या हातात खळ्यावरची काठी, नवऱ्याच्या हातात बी. मी मोकळीच. एकानं माझा अंबाडा धरला, मी त्येच्या मनगटाला दात लावले ते रगत येईपतोर सोडलं न्हाई. दुसऱ्यानं दगूड घातला, ही बगा भुवईवरची खूण, बोट लावून बगा, खड्डा हाय अजून. आमी बी मारलं ताई. हात बांधून मार खाल्ला असं लिवू नका, तसं लिवलं तर मामाच्या नावाला बट्टा लागंल. दिरानं दोघाला आडवं केलं. नवऱ्याच्या पाठीवर इतक्या काठ्या पडल्या की अंगरखा कातड्याला चिकटला, मागून मी त्यो पाण्यानं भिजवून भिजवून काढला.

आन ह्या गदारोळात भगवान काय करायलाय, तर इंजिन चालू करायलाय. त्येला वाटलं एकदा पाणी वर आलं की आपला ताबा झाला. रागारागानं हँडल फिरवायलाय, फिरवायलाय, आन इंजिनानं उलटा झटका दिला. हँडल सुटून सरळ त्येच्या जबड्यावर. ज्यानं इंजिन चालिवलंय त्येला ठाव हाय, हँडल उलटं मारतंय तवा हात मोडतंय, माणूस मोडतंय. भगवान जाग्यावरच बसला, तोंडातून रगताची धार, जबडा खाली लोंबायलेला. समदे थांबले. जे मारायलते ते बी थांबले. काठ्या टाकून त्येला गाडीत घातलं आन गेले.

हे समदं शिवलिंगआप्पानं बघितलं. आप्पा मंजे गावातला किराणावाला, वाणी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, माणूस लई सोवळ्याचा. त्येचं रान आमच्या बांधाला लागून. त्यो बांधावरच हुभा व्हता.

मंग पाटलानं काय करावं. गावात समद्याला ठाव की पोराचा जबडा हँडलनं मोडला. तर त्येनं सकाळी सांगावा धाडला, गावातलं भांडण गावात मिटवू, महादेवाच्या देवळापुढं या. मामाला बाजंवर घालून नेलं, श्वास घेतला की कण्हायचे. देवळाच्या पायरीवर पितळी ताट, ताटात बेलाचं पान आन भंडारा, हळद. पंच मांडी घालून बसलेले. पाटील मनला, वर या, बेल-भंडारा उचला आन मना की आमच्या हातानं भगवानला मार लागला न्हाई. देवापुढं खरं ठरंल. मंग पंच जे ठरवतील ते दोघांनी मानायचं.

आता तुमी मनाल, खरं तर खरंच व्हतं, उचलायला काय जातंय. मी बी तेच मनलं. मी मामाच्या कानाशी वाकले आन मनलं, मामा, उचला, फौजदाराला पाटलानं आधीच निरोप धाडलाय, ह्या दोघाला नेलं तर सोलून काढतील. मामा मनले, धुरपता, आजपतोर ह्या पायरीला आपली सावली चालत नव्हती, आन आज वर बोलवायलेत, का बरं? बेल-भंडारा उचलला की पंचाचा शब्द देवाचा शब्द. आन पंच काय मनतील? ईहीर द्या मनतील. मंग पंचाकडं बघून, त्या बाजंवरूनच, मोठ्यानं मनले, आमाला बेल-भंडाऱ्याची आण लागू न्हाई. खरं तेच सांगितलंय. पान हातात धरल्यानं त्ये जास्ती खरं व्हणार न्हाई.

दिराला इचारलं, त्यो मनला माझं बी तेच. नवऱ्याला इचारलं, त्येनं नुस्ते दोन्ही हात पाठीमागं बांधले. मी घरी जाऊन मामाशी लई भांडले. मनलं तुमचा धम्म तुमच्यापाशी, माझा नवरा मार खाईल त्येचं काय. मी चुकले असं मी आज बी मनत न्हाई. ज्येच्या घरातलं माणूस जातंय त्येनं भांडायलाच पाहिजे.

दुपारी पोलीस आलेच. फिर्याद काय, तर दोघा भावांनी कुऱ्हाडीनं भगवानच्या तोंडावर वार केला, जिवे मारायचा प्रयत्न. दोघाला नेलं. ठाण्यात उलटं टांगलं आन तळपायावर मारलं, कुऱ्हाड कुठं हाय सांग मनून. कुऱ्हाड असंल तर सांगतील ना. शेवटी आमच्याच घरातली सरपणाची कुऱ्हाड नेली. मी मामाला घेऊन फिर्याद द्यायला गेले, तर फौजदार मनला म्हातारं बाजंवरून पडलंय, जा दवाखान्यात. लिवूनच घेतलं न्हाई. मामा त्या उन्हाळ्यातच गेले. बरगडी आतून फुफ्फुसाला लागली मनून डॉक्टर मनला. पोरं तुरुंगातून येऊन खांदा देऊन पुन्हा तुरुंगात गेली. त्या मरणाची केस आजपतोर कुठंच न्हाई. कुठल्याच कागदावर न्हाई. तुमी लिवायलाव तेवढंच.

मंग जामीन झाला, मंग तारखा. उस्मानाबादला जायाचं मंजे पहाटंची येस्टी, भाकरी बांधून. अशात लातूर जिल्हा झाला. लातुरात कमानी, गुलाल, मिठाई, आन आमच्या खटल्याचे कागद बी उस्मानाबादहून लातूरला आले. दीर मनला, वहिनी, जिल्हा झाला ते आपल्याच सोयीसाठी बग. हसायचा त्यो, समद्यात हसायचा.

लातूरला आमचा वकील कांबळे मनून, उदगीरकडचा, पोरगाच व्हता अजून, पर जिभंला धार. त्येनं पाटलाला पिंजऱ्यात घेतलं. इचारलं, पाटील, तुमचा मुलगा दवाखान्यात आन तुमी दुसऱ्या दिशी देवळात पंच बसवले, खरं का? पाटील मनला, हाव, खरं हाय. वकील मनला, बेल-भंडारा उचलायला सांगितला? हाव. उचलला? तवा पाटील छाती काढून मनला, न्हाई उचलला साहेब, तिघांनी बी हात लावला न्हाई, आमाला त्येची आण लागू न्हाई मनले, मनूनच तर मी मनतो हेच गुन्हेगार, खरा असता तर उचलला असता. जज्जसाहेबानं ते जसंच्या तसं लिवून घेतलं. त्या टायमाला मला वाटलं, झालं, ह्या एका गोष्टीनं आपण बुडालाव. मामावर इतका राग आला, मेलेल्या माणसावर.

पर शिवलिंगआप्पा आला गवाही द्यायला. घरच्यांनी अडवलं, बायको पाया पडली त्येच्या. त्यो मनला गळ्यात लिंग हाय, जे बघितलं ते सांगणार. हँडल उलटं कसं आलं ते हात करून दाखवलं. दवाखान्याचा डॉक्टर बी मनला, ही जखम कुऱ्हाडीची न्हाई, बोथट लोखंडाची हाय. आप्पा गवाही देऊन गावात गेला, आन दुसऱ्या दिशी भरदुपारी त्येच्या दुकानाला आग लागली. तेलाचे डबे असे फुटले की पत्रे उडाले. लागली मनायचं, कुनी लावली त्ये मनायचं न्हाई. आप्पाचा एक हात कोपरापतोर भाजला. मी बघायला गेले तर मनला, धुरपताबाई, ह्या हातानं तराजू धरायचा व्हता, आता दुसऱ्यानं धरीन.

फैसला झाला, दोघं बी निर्दोष. आमी नाचलाव न्हाई, गुलाल न्हाई उधळला. येस्टीनं गावात उतरलाव, सरळ हाडोळ्यात गेलाव, विहिरीवर हात-पाय धुतले. नवरा मामा बसायचे त्या जाग्यावर बसला आन लेकरावानी रडला. दिवस मावळायच्या आधी घरी. बस. दुसरं काई केलं न्हाई आमी त्या दिशी.

तीन-चार आठवडे गेले असतील. सकाळी मी चुलीपुढं भाकरी थापायलते, पिठाचा हात, आन दारात गाडी थांबली. पोलीस आत घुसले, चुलीवरच्या तव्याला लाथ, माझ्या केसाला हात. ह्या बारीला फिर्यादीत माझं बी नाव. इहीर हीच बाई चालिवती मनून पाटलाचा माझ्यावरच दात. मला वढत दारात आणलं, नवरा मधी पडला तर त्येच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता, वरचे दोन दात तितंच पडले. दीर परसाकडं गेलता, त्येला हागणदारीतून मारत आणला. समदं गाव बघायलं. मी वरडले, आवो निर्दोष झालाव ना आमी, पुन्हा काय? तर फौजदार मनला, ते जुनं, हे नवं.

कोठडीत मला यगळं ठेवलं. एक बी बाई पोलीस न्हाई. रात्र कशी काढली ते इचारू नका आन लिवू बी नका. सकाळी कांबळे वकील आला, धावत पळत जामीन केला, पर मनला धुरपताबाई, जबरी चोरीचं कलम लावलंय, हे पुन्हा चाललं तर पुन्हा तितकीच वर्सं. आमच्या घरात तवा काय उरलं व्हतं? नवऱ्याचे तळपाय असे की चप्पल घालता येईना, दिराला कुनी पोरगी देईना, रान पडीक. पुन्हा तितकीच वर्सं मनलं तेव्हा नवरा पयल्यांदा मनला, देऊन टाकू विहीर. काय राखायचं आता. पाटलाला तेच पाहिजे व्हतं. खटला जिंकायचा न्हाई, आमाला थकवायचं.

वकिलानं आमाला त्येच्या हापिसात बसवलं आन मनला, देण्याआधी एक ऐका. त्येनं फिर्याद वाचून दाखवली. काय मनलंय त्येच्यात? की निर्दोष झालेल्या दिवशी संध्याकाळी आमी तिघं महादेवाच्या देवळाच्या पायरीवर चढलाव, बेल-भंडारा हातात घेतला, आन आण घेतली की दादाराव पाटलाचं खानदान संपवल्याबिगर पाणी पिणार न्हाई. मंग पाटलाच्या वाड्यावर गेलाव, त्येला मारलं, बायकोचं मंगळसूत्र तोडलं.

फुटक्या ओठानं दीर हसायला लागला. हसायलाय, रगत पुसायलाय. मनला, वहिनी, पाटलानं आपल्याला फुकटात बाटवलं की. पुन्हा हिंदू केलं. मला बी हसू आलं, रडू बी आलं. पर वकील हसला न्हाई. त्यो उठला, कपाट उघडलं, जुन्या खटल्याचे कागद काढले आन पाटलाची जबानी शोधायला लागला. सापडल्यावर दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मनला, ह्या माणसानं कोर्टात शपथेवर सांगितलंय की ही माणसं जीव गेला तरी बेल-भंडारा उचलत न्हाईत. आन आता शपथेवरच सांगायलाय की ह्यांनी तो उचलला. लक्षिमनभाऊ, विहीर देऊ नका. औरंगाबादला चला.

औरंगाबादला तवा हायकोर्टाचं खंडपीठ नवंनवंच झालं व्हतं. न्हाईतर मुंबईला जावं लागलं असतं, आन मुंबई आमाला कुठली दिसती. वकिलानं समजावलं, हितं गवाही न्हाई, तपास न्हाई, आपण एवढंच मागायचं की ही फिर्याद मुळातच सूड मनून केलीय, ती चालवूच नका, रद्द करा. मी इचारलं, असं होतंय? मनला, लई कमी येळा होतंय. मी रातभर येस्टीत मामाच्या नावानं जागीच बसले. देवाला हात जोडता येईना, मंग कुनाला जोडायचे.

कोर्टात समदं इंग्रजीत. वकील बोलायले, साहेब ऐकायले, आमाला काई कळंना. पाटील बी आलता, फेटा, पांढरं धोतर, मागच्या बाकावर. आमच्या वकिलानं सांगितलं, फिर्याद इतक्या दिवसांनी का दिली, पाटलाला लागलेलं एक बी खरचटं दवाखान्याच्या कागदात का न्हाई. साहेब कागद चाळत व्हते. मंग बेल-भंडाऱ्याचं आलं तसं साहेबानं चष्मा काढला. मराठी माणूस व्हता. पाटलाच्या वकिलाला काईतरी इचारलं, त्यो अडखळायला लागला. आन तितंच पाटलाला ऱ्हावलं न्हाई. मागून उठला आन मराठीत मोठ्यानं मनला, साहेब, आण घेतली मनल्यावर बेल-भंडारा तर लागतोयच की, त्येच्याबिगर आण असती व्हय.

त्येच्या वकिलानं डोक्याला हात लावला. साहेब पाटलाकडं वळले आन मराठीतच मनले, बसा खाली. म्हणजे तुम्ही ऐकलेलं लिहून दिलं नाही, लागतं म्हणून लिहून दिलं.

ताई, त्यो खोटं बोलला हे खरं, पर त्येला आपण कुठं चुकलाव ते आखरीपतोर कळलंच न्हाई. आमच्यासंगं एका गावात जन्म काढला, आमचं पाणी पिला, आमच्या मामाला मारलं, पर आमी कोण हाव हे त्येला ठावच नव्हतं. त्येच्या लेखी माणूस सूड घेणार तर बेल-भंडारा उचलूनच घेणार. खोटी फिर्याद लिवताना त्येनं आमच्या जागी सवतालाच हुभं केलं.

फिर्याद रद्द झाली. कागद हातात आला तवा नवऱ्यानं वकिलाला एकच इचारलं, पुन्हा न्यायला येणार न्हाईत ना? वकील मनला न्हाई. नवरा कोर्टाच्या आवारातच खाली बसला, चपला काढल्या आन तळपाय दाबीत ऱ्हायला. मामा असते तर काय मनले असते? मला वाटतंय, काईच न्हाई. नुस्तं बघितलं असतं माझ्याकडं, उचला मनत व्हतीस ना, असं. बघा की मामा. बघायला ऱ्हायलाव कुठं तुमी.

पाटील मेला. आप्पा गेला, त्येच्या मयताला आमच्या दिरानं खांदा द्यायचा मनला तर त्येच्या पोरांनी दिऊ दिला, हे बी लिवा. नवरा गेला. दीर नांदेडला असतो लेकाकडं, अजून हसतो. मी हितंच. ईहीर हाय.

मागं त्यो मोठा दुष्काळ पडला, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं बगा, त्या साली समदे बोर आटले. आमची ईहीर तळाला गेली, पर झरा मेला न्हाई. एका दुपारी भगवान आला. म्हातारा झालाय, जबडा वाकडा, बोलताना लाळ गळती, पुसायला रुमाल हातात. संगं कुनी न्हाई, हातात घागर. मी विहिरीवरच बसलते, मामाच्या जाग्यावर. मी काठी हातात घेतली, खोटं कशाला सांगू, घेतली. त्यो लांबच थांबला आन मनला, धुरपताकाकू, माझा जबडा हँडलनंच मोडला व्हता. आन पहार मीच मारली. बापानं सांगितलं तसं बोललो. तू मनशील तर देवळात चल, बेल-भंडारा उचलून समद्या गावापुढं सांगतो.

किती वर्सं ऐकायचं व्हतं मला हे. आन ऐकलं तर अंगात नुस्ती आग. बरगडी मोडल्याचा त्योच आवाज कानात. काठी घट्ट धरली. त्यो मान खाली घालून हुभा, मारली असती तर हललाबी नसता.

मी मनलं, बेल-भंडारा नको उचलू भगवान. बादली उचल. आन सवता शेंद, मी वरून वतणार न्हाई.

त्येनं शेंदलं. निम्मं सांडत. घागर भरली आन गेला. तवापसून येतो कधी कधी.

आता तुमी जाऊन लिवाल. जे सांगितलं ते लिवा, शिव्या गाळल्या तर गाळा. तुमच्या लेकराबाळाचं चांगलं होऊ द्या, ठाण्याची पायरी तुमाला कधी न दिसू दे. पर एक ध्यानात ठेवा, धुरपतानं माफ केलं असं लिवू नका. माफ केलं न्हाई. पाणी दिलं, तेवढंच लिवा.